सतापाचं पाणी

मुळीताई वारली त्या सकाळी तिच्या दारात अकरा माणसं बसली होती. तिला बघायला नव्हे, आपापली दुखणी घेऊन. कुणाला झोप लागत नव्हती, कुणाचं मूल दचकत होतं, एका म्हाताऱ्याची उचकी तीन दिवस थांबत नव्हती. तिच्या धाकट्या बहिणीने दार उघडलं आणि सांगितलं, "ताई गेली. अर्धा तास झाला असेल."

सगळे गप्प झाले. उचकी तेवढी चालू राहिली.

"अगं बाई! मग आता आमचं कोण बघणार?" पुढे बसलेली बाई म्हणाली.

तिच्या मागचा माणूस हळूच म्हणाला, "अहो, आधी वाईट झालं म्हणायचं असतं."

"वाईट तर झालंच की," ती बाई म्हणाली.

धाकटीला राग आला नाही. काहीच आलं नाही. आता माणसं येतील, त्यांना बसायला लागेल, एवढंच तिच्या डोक्यात आलं आणि तिने दारातला बाक आत ओढून घेतला. बाकाचा एक पाय उंबऱ्याला अडला. तो तिने नीट उचलून सोडवला.

दोघी सख्ख्या बहिणी, मध्ये बारा वर्षांचं अंतर. लग्न दोघींचंही झालं नव्हतं. थोरलीला सगळी वस्ती मुळीताई म्हणायची, कारण येईल त्याच्या मनगटाला ती दोऱ्यात वेखंडाची मुळी बांधून द्यायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचा बाक, पत्र्याचं घमेलं आणि फळीवर डब्यांची रांग. मागच्या अंगणात फुटक्या बादल्यांत आणि तेलाच्या रिकाम्या डब्यांत झाडं: पुदिना, ओवा, दवणा, कोरफड, एक एरंड, आणि सगळ्यांत जास्त सताप. सताप म्हणजे निळसर पानांचं, उग्र वासाचं झुडूप. ते उन्हात तोडलं तर हाताला फोड येतात, म्हणून मुळीताई ते उजाडायच्या आत तोडायची. तरी तिच्या मनगटांवर जुने तपकिरी डाग होतेच.

भ्यालेलं माणूस आलं की ती सतापाचा पाला कोमट पाण्यात चुरगळायची. माणसाने दोन्ही मुठींत मीठ धरून हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवायचे आणि ज्याची भीती वाटते त्याचं मनातल्या मनात नाव घ्यायचं. मीठ विरघळेपर्यंत मुळीताई ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायची आणि मग त्याचं एकेक बोट धुवायची. झोप नसेल त्याला उशीखाली ठेवायला दवणा. पोटाला ओवा. ती काय पुटपुटते हे कुणी ऐकलं नव्हतं. ते शब्द तिला मावशीने मरताना कानात दिले होते, आणि ते तसेच द्यायचे असतात, असं सगळे धरून चालले होते.

धाकटी हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. बावीस वर्षं. धुतलेल्या चादरी वाफेच्या रोलरमधून काढायच्या, दोघींनी टोकं धरून घड्या घालायच्या, वॉर्डावारी गठ्ठे बांधायचे. थोरलीच्या विद्येवर तिचा विश्वास होता असं नाही आणि नव्हता असंही नाही. घरात शिवणयंत्र असावं तशी ती विद्या घरात होती. थोरली चालवायची, धाकटीला येत नव्हतं, संपलं.

शेवटच्या सकाळी मात्र एक गोष्ट झाली. मुळीताईने बोटाने खूण करून धाकटीला जवळ बोलावलं. धाकटीने कान तिच्या तोंडाशी नेला. मुळीताई म्हणाली, "खिडकी लाव. गार लागतंय." धाकटीने खिडकी लावली. परत येऊन बसली तोवर मुळीताई गेली होती.

शेजारची शिंपीण त्या वेळी मागच्या दारात चहाची किटली घेऊन उभी होती. तिला शब्द ऐकू आले नाहीत. कान तोंडाशी गेलेला तेवढा दिसला. दुपारपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं की मुळीताईने जाताना धाकटीला सगळं दिलं.

चौथ्या दिवशी धाकटी कामावर गेली. मुकादम म्हणाला, "अजून चार दिवस घे की." ती म्हणाली, "घरी बसून काय करू?" तो म्हणाला, "रड जरा." ती म्हणाली, "बघते," आणि रोलरपाशी जाऊन उभी राहिली. त्याच आठवड्यात तिचा डावा तळहात रोलरच्या कडेला चिकटला. समोर टोक धरून उभी असलेली बाई किंचाळली. धाकटीने हात काढून घेतला आणि बघितला. कातडी पांढरी पडली होती. "अगं, हात भाजला तुझा! कळलं नाही तुला?" धाकटीला खरंच कळलं नव्हतं. हे असं का होतंय, याचाही तिला फार विचार करावासा वाटला नाही. मलमपट्टी करून घेतली आणि उरलेल्या घड्या उजव्या हाताने घातल्या.

तिला काय झालं होतं ते तिचं तिला माहीत होतं. ते असं:

लाँड्रीत इतकी वर्षं काढल्यावर धाकटीला डागांची भाषा यायची. रक्त ताजं की जुनं, हा आयोडीनचा, हा चहाचा, हा जखमेच्या पाण्याचा. डाग बघून ती वॉर्ड सांगायची. नव्या बायका तिची परीक्षा घ्यायच्या, ती कधी चुकायची नाही. थोरली जाण्याआधी अकरा महिने, एका रविवारी, घरचे कपडे भिजत घालताना तिला थोरलीच्या आतल्या कपड्यावर डाव्या बाजूला एक डाग दिसला. मध्ये तपकिरी, कडेला पिवळट, आणि त्याला एक वास.

"हे काय गं ताई?"

"एरंडाच्या पानाचा लेप लावते. उसण भरलीय."

"बघू?"

"काय बघायचंय त्यात? साबण जास्त लाव म्हणजे निघेल."

धाकटीने साबण जास्त लावला. डाग निघाला. पुढच्या रविवारी परत होता. तो लेपाचा डाग नव्हता, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. असले डाग कुठल्या वॉर्डातून येतात तेही ठाऊक होतं. पण घरात दुखणं ओळखायचं काम थोरलीचं होतं. लहानपणापासून तसंच चालत आलं होतं. थोरलीने उसण म्हटलं की उसण. अकरा महिने धाकटीने दर रविवारी तो डाग धुतला आणि एकदाही पुन्हा विचारलं नाही. शेवटी थोरली स्वयंपाकघरात पडली तेव्हा हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी चादर बाजूला करून बघितलं आणि धाकटीकडे वळून विचारलं, "इतके दिवस काय करत होता तुम्ही?" ती म्हणाली, "धूत होते." त्यांना वाटलं बाई भ्रमिष्ट झाली आहे. आता करण्यासारखं काही नाही म्हणून त्यांनी दोघींना घरी पाठवलं.

महिनाभराने माणसं परत यायला लागली. संध्याकाळी धाकटी कामावरून आली की दारात दोघं-तिघं असायचीच. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मला काही येत नाही." त्यावर बसलेली आजी समजूतदारपणे म्हणाली, "तीही सुरुवातीला असंच म्हणायची." दुसऱ्या दिवशी तिने सांगून पाहिलं, "मला कानात काही सांगितलं नाही." तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. ते सांगायचं नसतंच, हे त्यांना माहीत होतं. नाही म्हणायला फार शब्द लागत होते. घमेलं काढून पाणी कोमट करायला कमी श्रम होते. तिसऱ्या दिवशी तिने घमेलं काढलं.

थोरली करायची तसंच सगळं ती करायची. पाला चुरगळायचा, मीठ द्यायचं, बोटं धुवायची. पुटपुटायची वेळ आली की ती लाँड्रीतल्या वॉर्डांची यादी म्हणायची: पुरुष शस्त्रक्रिया, स्त्री शस्त्रक्रिया, बाळंतीण, जळीत, डोळे, हाडं. मीठ विरघळेपर्यंत यादी दोनदा म्हणून व्हायची. आणि माणसांना बरं वाटायचं. दचकणारं मूल झोपलं. परीक्षेला जाताना चक्कर येऊन पडणारी मुलगी पेपर लिहून आली. रस्त्यात अपघात बघितल्यापासून घराबाहेर न पडलेला दूधवाला पुन्हा सायकलवर बसला. ते सांगायला यायचे, हात जोडायचे, आणि धाकटी म्हणायची, "बरं झालं." म्हणताना तिला वाटायचं, दुसऱ्याच कुणाच्या तरी घरातलं बोलणं आपण भिंतीपलीकडून ऐकतोय.

किल्लीवाली आली तेव्हा थोरलीला जाऊन चार महिने झाले होते.

किल्लीवाली म्हणजे बाजाराच्या तोंडाशी टपरीत बसून किल्ल्या कापणारी बाई. वय चाळिशीच्या आतबाहेर. बापाची टपरी, बापाचंच यंत्र. वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक घराची किल्ली तिच्या हातून गेलेली. त्यामुळे ती कुठेही हक्काने बसायची आणि बोलायला लागली की थांबायची नाही. वर्षभरापूर्वी, आई हॉस्पिटलात वारली तेव्हा, ती मुळीताईकडे भीती धुवून घ्यायला आली होती. या वेळी मात्र ती सगळ्यांत शेवटी थांबली. बाकीचे गेल्यावर दार तिनेच लोटलं.

"धाकट्या ताई, मला हात नाही धुवायचे. मला पान पाहिजे एरंडाचं. आणि वर काय म्हणायचं ते म्हणून द्या."

"कशाला?"

"इथे," तिने डाव्या काखेखाली बोट ठेवलं, "चिंचोक्याएवढं काहीतरी लागतंय. दुखत नाही हां. दुखलं असतं तर मी आरडाओरडा केला असता, मला काय लाज आहे? सहा आठवडे झाले. आधी म्हटलं माशी चावली असेल. मग म्हटलं टपरीत वाकून वाकून शीर धरली असेल. आता माशीही संपली आणि शीरही संपली."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"तिथे माझी आई गेली, ताई. चालत आत गेली आणि गठ्ठ्यात बाहेर आली. मी नाही जायची तिथे. तुम्ही पान द्या."

धाकटीने तिला कंदील धरल्यासारखा हात वर करायला लावला आणि कपड्यावरूनच चाचपून बघितलं. बोटांना ते लागलं. टणक, न हलणारं. तिने हात काढून घेतला. तळहात भाजला तेव्हाही काही जाणवलं नव्हतं, पण हे जाणवलं.

ती अंगणात गेली. एरंडाचं झाड आता तिच्या खांद्याएवढं झालं होतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली. पान तोडलं तर किल्लीवाली ते लावेल. महिन्याने परत येईल, आणखी पान मागेल. मग कपड्यावर डाग पडेल. तो डाग किल्लीवाली स्वतःच धुवेल, कारण तिला बहीण नाही. धाकटीने हा हिशेब शांतपणे केला, जसे ती वॉर्डाचे गठ्ठे मोजायची. मग ती रिकाम्या हाताने आत आली आणि बाकावर बसली.

"तुला एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "ताई जाताना माझ्या कानात बोलली ते तुझंच होतं."

किल्लीवालीचं तोंड उघडं राहिलं. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा त्यातून काही बाहेर आलं नाही.

"ती म्हणाली, किल्लीवाली येईल. पान मागेल. देऊ नकोस. तिचं दुखणं पाल्याचं नाही, लोखंडाचं आहे. तिला कापून घ्यायला सांग."

"माझं नाव घेतलं?"

"हो."

"मुळीताईने? मरताना?"

"हो."

किल्लीवाली खाली बसली. बाक होता, पण ती जमिनीवर बसली. मग म्हणाली, "तुम्ही तिथेच असता ना? हॉस्पिटलात?"

"तळमजल्यावर असते."

"मी आत असेन तेव्हा तुम्ही तळमजल्यावर असाल?"

"रोज सात ते चार."

"मग जाते," किल्लीवाली म्हणाली. "मरताना कुणी माझं नाव घेतलं नव्हतं अजून. आईनेसुद्धा मावशीचं घेतलं."

खोटं बोलताना धाकटीला भीती वाटली नाही आणि नंतर टोचणीही लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती किल्लीवालीला घेऊन लाँड्रीच्या मागच्या दाराने आत गेली आणि ओपीडीच्या रांगेत बसवून आली. तपासण्या झाल्या. गाठ वाईट होती. तीन आठवड्यांनी डावा स्तन काढला. वॉर्डातली नर्स चादरींचा हिशेब द्यायला खाली यायची. ती म्हणाली, "तुमची किल्लीवाली फार बोलते हो. शुद्धीवर आल्या आल्या कपाटाचं कुलूप तपासायला लागली, म्हणे हे हेअरपिनने उघडेल. वेळेत आली पण. अजून पसरलं नव्हतं." धाकटीने त्या वॉर्डाच्या चादरी त्या दिवशी दोनदा रोलरमधून काढल्या. का, ते तिला सांगता आलं नसतं.

पुढे काय होणार हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. किल्लीवालीने ही गोष्ट वॉर्डात सांगितली, बाजारात सांगितली, किल्ली करायला आलेल्या प्रत्येकाला सांगितली. मुळीताईने मरताना तिचं नाव घेतलं होतं! मग इतरांनाही वाटायला लागलं की आपलंही घेतलं असेल. आता माणसं हात धुवायला येईनाशी झाली. ती विचारायला यायला लागली.

"माझ्याबद्दल काही म्हणाल्या होत्या का?"

"नाही."

"नीट आठवून बघा. उंच, चष्मेवाला असं काही?"

शिंपीण तर रोज भिंतीवरून विचारायची. मी किटली घेऊन उभी होते, मग माझं नाव कसं नाही, असं तिचं म्हणणं. एक बाई आली, तिचा मुलगा दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. ती काही मागत नव्हती. दाराशी उभी राहून म्हणाली, "त्याचं नाव घेतलं असेल तर तो जिवंत आहे असं मी समजेन. नसेल घेतलं तरी सांगा, मी काही रडणार नाही." धाकटी म्हणाली, "नाही घेतलं." ती बाई खरंच रडली नाही. तिने मान हलवली आणि पायऱ्या उतरली, एकेक पायरी, हाताने भिंत धरून. शेवटच्या पायरीवर ती थोडा वेळ उभी राहिली आणि मग कुठल्या बाजूला जायचं ते विसरल्यासारखी उलट्या दिशेने गेली.

धाकटी दारात उभी राहून तिची पाठ बघत होती. छातीत कुठेतरी काहीतरी हललं, आणि बसलं. त्या संध्याकाळी तिने दार ओढून त्याचं कुलूप आतून लावून घेतलं. बाहेर माणसं खोकत राहिली, कडी वाजवत राहिली. दुसऱ्या दिवशीही तिने दार उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी कुलूप बाहेरून उघडलं गेलं आणि किल्लीवाली आत आली. डोक्याला रुमाल गुंडाळलेला. औषधाने केस गेले होते. चेहरा अर्धा झाला होता. एका हातात दोन तारा होत्या, ज्यांनी तिने कुलूप उघडलं.

"माफ करा हं ताई. तीन दिवस दार बंद म्हटल्यावर मी बाई घाबरले. कुलूप बदला हे, दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत." मग तिने धाकटीकडे नीट बघितलं. "काय झालं?"

धाकटी ओट्याला टेकून उभी होती. तिने सरळ सांगितलं. थोरली काय म्हणाली ते. खिडकीचं. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं, तेही. सांगताना तिचा आवाज लाँड्रीत गठ्ठे सांगायच्या वेळी असायचा तसाच होता.

किल्लीवाली म्हणाली, "म्हणजे माझं नाव नव्हतं."

"नव्हतं."

"मी तिथे टेबलावर पडले होते तेव्हा तेच म्हणत होते. माझं नाव घेतलंय, माझं नाव घेतलंय. तोंडावर तो मास्क ठेवला तेव्हापण." तिचा आवाज चढला. "आणि तू मला खिडकीच्या गोष्टीवर कापायला पाठवलंस!"

ती पहिल्यांदाच धाकटीला तू म्हणाली होती.

"हो," धाकटी म्हणाली.

"का?"

"ताईला तेच होतं. अकरा महिने मी तिचे कपडे धुतले. मला डाग दिसत होता. मी बोलले नाही. तुला खरं सांगितलं असतं, गाठ आहे, जा, तर तू गेली असतीस?"

किल्लीवालीने तारा खिशात टाकल्या आणि निघून गेली. दार उघडंच राहिलं. धाकटी बऱ्याच वेळाने ते लावायला गेली.

पाच आठवडे किल्लीवाली आली नाही. कामावर जाताना धाकटी बाजाराच्या तोंडावरून जायची. ती टपरीजवळ आली की किल्ली कापायच्या यंत्राची घरघर थांबायची आणि ती पुढे गेली की पुन्हा सुरू व्हायची. ती औषध घ्यायला वॉर्डात मात्र वेळच्या वेळी येते, एकही खेप चुकवत नाही, असं नर्सकडून कळायचं. मुळीताईने नाव घेतल्याची गोष्ट किल्लीवालीने सांगायची थांबवली होती. खोटी होती असं मात्र तिने कुणाला सांगितलं नाही. विचारायला येणारे हळूहळू कमी झाले. शिंपीण तेवढी चिकाटीची.

मग एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, किल्लीवाली लाँड्रीच्या दारात येऊन उभी राहिली. वाफेने तिच्या डोक्यावरचा रुमाल लगेच ओला झाला. हातात हॉस्पिटलचे दोन केसपेपर होते.

"एक माझा, एक तुझा," ती म्हणाली. "आज खेपेच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का. आमच्यात कुणाला नव्हतं. तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. तुझी तर सख्खी बहीण! तू दाखवलंस का कधी?"

"मला काही होत नाही."

"मलाही दुखत नव्हतं. चल."

"घड्या राहिल्यात."

"मुकादम!" किल्लीवाली ओरडली. "हिला तासभर नेते."

"दोन तास ने," मुकादम म्हणाला.

त्या दोघी वर गेल्या. बावीस वर्षांत धाकटी त्या मजल्यावर गठ्ठ्यांच्या गाडीशिवाय कधी गेली नव्हती. हात कुठे ठेवावेत तिला कळेना. बाकावर किल्लीवाली तिला चिकटून बसली आणि समोरच्या दाराचं कुलूप किती भिकार आहे ते सांगू लागली. मध्येच ती थांबली.

"मी गेले असते का, असं तू विचारलं होतंस," ती म्हणाली. "पाच आठवडे तेच करत होते. किल्ली घासता घासता विचार. नसते गेले. नाही म्हणजे नाहीच गेले असते. म्हणून तर जास्त राग आला." तिने नाक पुसलं. "पण परत असं कुणाला करू नकोस. माझं निभावलं. दुसरी कुणी टेबलावर असताना तिला खरं कळलं तर?"

"नाही करणार," धाकटी म्हणाली.

धाकटीच्या नावाचा पुकारा झाला. तपासणी झाली, यंत्राखाली छायाचित्रं निघाली, आठवड्याने परत बोलावलं. आठवडाभर धाकटी वाट बघत होती. थोरली गेल्यापासून वाट बघण्यासारखं हे पहिलंच काही होतं, आणि त्याचं तिला मनातून नवल वाटलं. डॉक्टरीणबाईंनी कागद बघून सांगितलं, "सध्या काही नाही. पण दर वर्षी यायचं. विसरायचं नाही." किल्लीवाली म्हणाली, "ही विसरेल. मला सांगा, मी आणते."

दार पुन्हा उघडलं, पण फक्त गुरुवारी. तशी अट किल्लीवालीने घातली आणि ती स्वतःच बाकाच्या टोकाला बसायला लागली. येणाऱ्याला ती आधी विचारायची. "ताप? किती दिवस? पाच? मग इथे काय करताय, हॉस्पिटलात जा, खिडकी नंबर तीन. गाठ? कुठे? उठा, मी बरोबर येते. भीती वाटते? कशाची? बरं, बसा, पाणी गरम होतंय." कुणी कुरकुर केली तर ती रुमाल काढून आपलं डोकं दाखवायची. त्यावर वाद घालणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं. कुणी पुटपुटण्याचं विचारलं तर धाकटी खरं सांगायची: मी वॉर्डांची नावं घेते. काही जण हसायचे, काही उठून जायचे. बाकीचे मीठ मुठीत धरून डोळे मिटायचे.

मुलगा निघून गेलेली बाई एका गुरुवारी परत आली. तिने काही विचारलं नाही. हात पाण्यात सोडून बसली. त्या वेळी धाकटीने यादी म्हटली नाही. काहीच म्हटलं नाही. नुसती तिची बोटं धुतली. मीठ विरघळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. तोवर दोघी तशाच बसल्या होत्या.

त्यानंतर धाकटीने मुकादमाकडे आठ दिवसांची रजा मागितली. बावीस वर्षांत स्वतःसाठी मागितलेली पहिलीच. "कुठे निघालीस?" त्याने विचारलं. "कुठे नाही," ती म्हणाली. सहा दिवस ती झोपली. उठायची, पाणी प्यायची, परत झोपायची. किल्लीवाली सकाळ-संध्याकाळ दार उघडून बघून जायची. नवीन कुलूप तिनेच बसवलं होतं आणि एक किल्ली स्वतःकडे ठेवली होती. सातव्या दिवशी ती आली तेव्हा धाकटी अंगणात उकिडवी बसून पुदिन्यातलं तण उपटत होती.

"उठलीस?"

"भूक लागलीय," धाकटी म्हणाली. "घरात काही नाही."

"मग चल. बाजार उघडा आहे."

धाकटीने हात धुतले, पायात चपला सरकवल्या. डावी चप्पल उजव्या पायात गेली होती, ती किल्लीवालीने दाखवली. तिने ती बदलली आणि दोघी बाहेर पडल्या.